हाताला झेपेल तीच गोळी: रिव्हॉल्व्हरचा झटका आणि काडतुसाची निवड

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये हा प्रश्न हल्ली बराच ऐकू येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा स्वतःसाठी विचारत नसतो, आईसाठी, सासूबाईंसाठी नाहीतर बायकोसाठी विचारत असतो. घरात संरक्षणाला म्हणून रिव्हॉल्व्हर घेतलं, दुकानातल्या माणसाने "बायकांसाठी हेच बेस्ट" म्हणून छोटंसं, एकदम हलकं, पर्समध्ये मावेल असं हातात दिलं, सोबत सेल्फ डिफेन्सच्या गोळ्यांचा एक भारीतला डबा दिला, रेंजवर, म्हणजे गोळ्या मारायच्या सरावाच्या जागी, पहिल्याच दिवशी पाच गोळ्या मारल्या, तळहात झिणझिणला, अंगठ्याच्या बेचक्यात लाल झालं, आणि त्यानंतर ते रिव्हॉल्व्हर जे कपाटात गेलं ते परत बाहेर आलंच नाही. मग विचारतात की झटका कमी असलेली गोळी कुठली घ्यायची.

उत्तर आहे, आणि चांगलं आहे. पण दुकानात सहसा काडतुसाची निवड "पॉवर किती" इथून सुरू होते आणि माझ्या मते ती सुरुवातच चुकीची आहे. पहिला प्रश्न असा पाहिजे की हा माणूस हे काडतूस महिन्यातून एकदा रेंजवर जाऊन, न घाबरता, पन्नास वेळा मारेल का? नसेल मारणार तर डब्यावर काय छापलंय त्याला काही अर्थ नाही, कारण सराव नसलेला हात नेमका गरजेच्या वेळी चुकतो, आणि चुकलेली गोळी कुणाच्या तरी भिंतीत नाहीतर कुणाच्या तरी अंगात जाते.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट, ती आपल्या लोकांच्या फार कामाची आहे म्हणून आधीच सांगतो. तुम्ही एच-वन-बी, एफ-वन, एच-फोर अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तुम्हाला बंदूक आणि काडतुसं, दोन्ही जवळ बाळगायला साधारणपणे मनाई आहे. शिकारीचं वैध लायसन असणं वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते तुम्हाला लागू होतात की नाही हे वकिलाला विचारूनच ठरवा, मित्राने सांगितलं म्हणून नको. रेंजवर भाड्याने घेऊन मारणं हेसुद्धा यात धरलं जाऊ शकतं. ग्रीन कार्ड असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मग राज्याचे नियम बघायचे. नुसत्या हौसेपायी कुणाचं इमिग्रेशन अडकू नये.

आता झटका येतो कुठून ते बघू. काडतूस म्हणजे पितळेची केस, बुडाला प्रायमर म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, आत पावडर आणि तोंडावर बसवलेली गोळी. पावडर पेटते, गॅस होतो, गोळी पुढे जाते आणि तेवढ्याच जोराने रिव्हॉल्व्हर मागे येतं, न्यूटनचा तिसरा नियम, शाळेत शिकलेलाच. हिशोब करायला तीन गोष्टी लागतात: गोळीचं वजन, गोळीचा वेग आणि रिव्हॉल्व्हरचं वजन. (पावडरचा गॅसही बाहेर पडताना धक्का देतो, मॅग्नम म्हणजे जास्त ताकदीच्या काडतुसात तर चांगलाच देतो, पण समजायला तो तूर्त बाजूला ठेवू.) गोळीचं वजन अमेरिकेत ग्रेनमध्ये सांगतात, १५ ग्रेनला एक ग्रॅम असं ढोबळ धरलं तरी चालतं.

एक उदाहरण करूनच बघू. .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची १४८ ग्रेनची टार्गेट गोळी साधारण ९.६ ग्रॅमची असते आणि चार इंची नळीतून सेकंदाला सुमारे २१० मीटरने जाते. त्याच .३८ ची १५८ ग्रेनची प्लस-पी, म्हणजे जास्त दाबाची गोळी १०.२ ग्रॅमची, आणि ती जाते २७० मीटरच्या आसपास. वजन किलोत धरून वेगाने गुणलं तर पहिलीला २.० आणि दुसरीला २.७५ येतात. आता वाटेल की फरक तर पस्तीस-चाळीस टक्क्यांचाच आहे, पण हाताला जी ऊर्जा पचवावी लागते ती या आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ४ विरुद्ध साडेसात, जवळपास दुप्पट. रिव्हॉल्व्हर तेच, हात तोच, नुसता डबा बदलला आणि झटका दुप्पट झाला. काडतूस निवडण्याला एवढं महत्त्व का, ते यात आलं.

पण याच हिशोबात आणखी एक गोष्ट आहे जी दुकानात कुणी सांगत नाही. ती ऊर्जा रिव्हॉल्व्हरच्या वजनाने भागली जाते. म्हणजे रिव्हॉल्व्हर जितकं हलकं तितका झटका जास्त, आणि आपण काय करतो, तर ज्या हाताला झटका सोसत नाही त्याच हातात सगळ्यात हलकं रिव्हॉल्व्हर देतो. स्मिथ अँड वेसनचं ६४२ हे मॉडेल, बायकांना सर्रास दाखवलं जातं ते, ॲल्युमिनियमच्या फ्रेमचं, साधारण ४१० ग्रॅमचं. त्यांचंच ३४० पीडी त्याहून हलकं, ३३५ च्या आसपास, आणि वर ते .३५७ मॅग्नम मारतं! स्टीलचं ६४० हे ६०० ग्रॅमच्या वर जातं. रुगरचं एसपी १०१ ७४० च्या जवळपास. आणि जुनं मॉडेल १०, चार इंची नळीचं, कित्येक वर्षं अमेरिकेतल्या पोलिसांच्या कमरेला असायचं ते, जवळजवळ किलोभर. त्या ३४० पीडीमधून मॅग्नम मारणं आणि मॉडेल १० मधून टार्गेट गोळी मारणं यातल्या झटक्यात साधारण दहापटीचा फरक पडतो. म्हणून रिव्हॉल्व्हर अजून घ्यायचंच असेल, आणि ते अंगावर बाळगायचं नसून घरातच राहणार असेल, तर आधी स्टीलचं, थोडं मोठं, तीन किंवा चार इंची नळीचं घ्या, निम्मा प्रश्न गोळीपर्यंत न पोचताच सुटतो. हातात धरल्यावर जड वाटतं हे खरं, पण मारताना तेच वजन तुमच्या बाजूने असतं.

समजा रिव्हॉल्व्हर घेऊन झालंय, हलकंच आहे आणि .३८ स्पेशलचं आहे. बहुतेक घरांत हेच असतं. तर माझं पहिलं उत्तर: १४८ ग्रेन वॉडकटर.

ही गोळी बघितली की पहिल्यांदा काडतूस अर्धवट बनवलंय असं वाटतं. बाकी काडतुसांना पुढे टोक असतं, गोल म्हणा, चपटं म्हणा, पण काहीतरी बाहेर आलेलं दिसतं. वॉडकटरमध्ये शिशाची अख्खी गोळी केसच्या आत बसवलेली असते, तोंडाशी सपाट, पितळेच्या काठाला लागून, वरून बोट फिरवलं तर नुसती एक करडी चकती हाताला लागते. शंभरेक वर्षांपासून टार्गेट मारणारे लोक ही वापरतात, कारण सपाट तोंडामुळे कागदाला पंच मारल्यासारखं स्वच्छ गोल भोक पडतं, कडा फाटत नाहीत, मार्क मोजायला सोपं जातं. वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो आणि अचूकता फार चांगली मिळते. इतकी की स्मिथ अँड वेसनने १९६१ मध्ये मॉडेल ५२ नावाचं एक पिस्तूल खास याच वॉडकटर काडतुसासाठी काढलं होतं, त्यात दुसरं काही चालायचंच नाही.

आता लोक म्हणतात, ही तर कागद फाडायची गोळी, संरक्षणाला काय कामाची? रास्त शंका आहे. पण ती सपाट असल्यामुळे जाताना सरळ जाते आणि कडांनी कापत जाते, आणि दोन इंची नळीतूनसुद्धा पुरेशी खोल जाते. संरक्षणाच्या गोळ्यांचा जो मापदंड आज सगळे मानतात तो एफबीआयचा आहे. १९८६ मध्ये मायामीला त्यांची बँक लुटारूंशी चकमक झाली, दोन एजंट मेले, आणि त्यानंतर त्यांनी गोळ्यांच्या चाचण्यांची पद्धत बसवली, ज्यात जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी कमीत कमी १२ इंच जायला हवी आणि १८ च्या पलीकडे शक्यतो जाऊ नये. दोन इंची नळीच्या .३८ मध्ये पोकळ तोंडाच्या, म्हणजे लागल्यावर तोंड पसरून फुलणाऱ्या, बऱ्याच गोळ्यांचं इथेच गणित बिघडतं: नळी आखूड, त्यामुळे वेग कमी, वेग कमी म्हणून गोळी एकतर फुलत नाही, किंवा जाड कपड्याने तोंड बुजतं, किंवा फुलते पण मग खोल जात नाही. वॉडकटरला फुलायचंच नाही, त्यामुळे ती फुलण्यावर अवलंबूनच नाही. अमेरिकेतले बरेच अनुभवी इन्स्ट्रक्टर आखूड नळीच्या .३८ साठी हिचं नाव घेतात ते यासाठी. फुलणाऱ्या चांगल्या गोळीपेक्षा ही भारी आहे असं मी म्हणत नाही. ज्या हाताला प्लस-पी सोसत नाही त्या हाताला दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी नेम लावू देणारी गोळी हीच आहे, एवढंच म्हणतो.

तिची एक अडचण मात्र आहे. टोक नसल्यामुळे घाईत भरता येत नाही. स्पीडलोडर म्हणजे पाच काडतुसं एकदम सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या नळकांड्यात, सोडायचं साधन, त्यात टोकदार गोळ्या आपोआप भोकात घसरतात, वॉडकटर कडेलाच अडते, एक बसते, दुसरी तिरकी होते, हात थरथरत असतील तर विचारूच नका. यावर जुनाच तोडगा आहे, सिलिंडरमध्ये वॉडकटर भरा आणि जादाची काडतुसं गोल तोंडाची, कमी वेगाची ठेवा. गोल तोंडाची १५८ ग्रेनची साधी शिशाची गोळी, किंवा ज्यांना काउबॉय लोड म्हणतात त्या, यांचा वेगही फार नसतो आणि सरावाला त्या उत्तम. आणखी एक, या शिशाच्या गोळ्या आहेत, तेव्हा बंद रेंजवर व्हेंटिलेशन चांगलं हवं आणि मारून झालं की काही खायच्या आधी हात साबणाने धुवायचे, घरी लहान मुलं असतील तर कपडेसुद्धा वेगळे टाकायचे.

न्यू जर्सीत आपले लोक भरपूर आहेत म्हणून त्यांच्यासाठी वेगळं सांगतो: तिथे पोकळ तोंडाच्या गोळ्या घराबाहेर घेऊन फिरण्यावर कडक बंधनं आहेत, घरात ठेवणं आणि रेंजला नेणं-आणणं यासाठी सवलत आहे. वॉडकटरचं तोंड सपाट असतं, पोकळ नसतं, त्यामुळे तिथल्या बऱ्याच परवानाधारकांची ती आवडती आहे. पण हे कायदे बदलत असतात, तेव्हा खरेदीच्या आधी राज्य पोलिसांची माहिती स्वतः वाचून घ्या.

दुसरा रस्ता म्हणजे हलक्या वजनाची संरक्षणाची गोळी. हॉर्नेडीची क्रिटिकल डिफेन्स लाइट ९० ग्रेनची आहे, टोकाला गुलाबी प्लास्टिक, आणि फेडरलची लो रिकॉइल हायड्रा-शॉक ११० ग्रेनची. या प्लस-पी नाहीत, वजन कमी म्हणून झटका खरोखर कमी लागतो आणि हाताला लगेच फरक कळतो. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, हलकी गोळी लवकर थांबते, त्या १२ इंचांच्या मापात ९० ग्रेनवाली काठावर येते किंवा कमी पडते, विशेषतः नळी आखूड असेल तर. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते: रिव्हॉल्व्हरमध्ये हलकी गोळी नेमाच्या खाली लागते. कारण चाप ओढल्यावर गोळी नळीत असतानाच तोंड वर उचलायला लागतं, जड संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते म्हणून ती वर जाऊन लागते, हलकी वेगवान गोळी तोंड फारसं उचलायच्या आत निघून जाते म्हणून खाली लागते. ज्यांची साइट (नेम धरायची खूण) पक्की बसवलेली असते, सरकवता येत नाही, अशा जुन्या .३८ ची साइट बहुतेक १५८ ग्रेन धरूनच केलेली असते. म्हणजे डबा बदलला की सात-आठ मीटरवर एकदा कागदावर मारून बघायलाच हवं की ती नेमकी कुठे लागतेय, न बघता कपाटात ठेवू नका.

तुमच्याकडे .३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर असेल तर घाबरायचं काही कारण नाही, त्यात .३८ स्पेशल बिनदिक्कत चालते, मॅग्नम मारायचीच असा काही नियम नाही. १९३० च्या दशकात .३८ ची केस थोडी लांब करूनच मॅग्नम केलेली आहे. फक्त उलटं करायचं नाही, .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये मॅग्नम घालायची नाही (लांबीमुळे ती बसतही नाही, पण फार जुन्या रिव्हॉल्व्हरचा भरवसा धरू नका). आणि खूप .३८ मारल्यावर सिलिंडरच्या भोकात काजळीची कडी धरते, मग पुढे कधी मॅग्नम घालायला गेलं तर ती अडते, तेव्हा ब्रशने साफ करत राहा. फार हलक्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक भानगड होते, झटका इतका जोराचा असतो की अजून न मारलेल्या काडतुसांमधल्या गोळ्या केसमधून पुढे सरकतात आणि सिलिंडर फिरायचाच थांबतो. म्हणजे जास्त पॉवर घेतली आणि रिव्हॉल्व्हरच जाम झालं.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो, तो म्हणजे .३२. हा बोअर, म्हणजे नळीचं माप, अमेरिकेत मधली कित्येक वर्षं अडगळीत पडला होता आणि आता परत वर आलाय, आणि ज्यांचा हात नाजूक आहे त्यांच्यासाठी ही फार चांगली बातमी आहे. कुटुंब मोठं आहे: .३२ एस अँड डब्ल्यू लाँग १८९६ सालची, मग १९८४ मध्ये .३२ एच अँड आर मॅग्नम आली, आणि २००७-०८ च्या सुमारास .३२७ फेडरल मॅग्नम. यातली प्रत्येक पुढची केस आधीच्यापेक्षा लांब आहे, त्यामुळे .३२७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये तिन्ही चालतात. एकच रिव्हॉल्व्हर घ्यायचं, सराव लाँगने करायचा, जवळजवळ झटका नाहीच, सवय झाली की एच अँड आर मॅग्नमवर जायचं, आणि .३२७ नाही जमली तर नाही जमली, कुणी विचारायला येत नाही. काडतूस बारीक असल्यामुळे छोट्या फ्रेममध्ये पाचाऐवजी सहा बसतात. २०२४ मध्ये स्मिथ अँड वेसनने लिप्सीज या वितरकासाठी ४३२ आणि ६३२ अल्टिमेट कॅरी काढली, .३२ एच अँड आर मॅग्नममध्ये, चांगल्या साइट आणि चांगल्या मुठीसकट, आणि लोकांनी ती उचलून धरली. अडचण एकच, ही काडतुसं प्रत्येक दुकानात मिळत नाहीत आणि .३८ पेक्षा महाग पडतात. मिळतील तेव्हा थोडी जास्त घेऊन ठेवायची.

.२२ बद्दल थोडक्यात. झटका नाहीच म्हटलं तरी चालेल, काडतुसं स्वस्त, छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये आठ बसतात. सरावासाठी याहून चांगलं काही नाही. पण संरक्षणासाठी मी हिला शेवटच्या पायरीवर ठेवतो, कारण .२२ चं प्रायमर केसच्या काठात असतं, मध्यभागी नसतं, आणि ते न पेटण्याचं प्रमाण मधल्या प्रायमरपेक्षा जास्त आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये परत चाप ओढला की पुढचं काडतूस समोर येतं हा फायदा आहेच. काठावरचं प्रायमर पेटवायला जोरात मारावं लागतं म्हणून या छोट्या .२२ रिव्हॉल्व्हरचा चाप बऱ्याचदा .३८ पेक्षाही जड असतो, आणि इथे एक मोठा मुद्दा येतो.

झटका सोसत नाही असं ज्या बायका, किंवा वयस्कर पुरुष सांगतात, त्यातल्या बऱ्याच जणांचा खरा त्रास झटक्याचा नसतो, चाप ओढण्याचा असतो. छोट्या डबल ॲक्शन, म्हणजे चापानेच हॅमर (प्रायमर पेटवणारा हातोडा) मागे जाऊन सुटतो अशा, रिव्हॉल्व्हरचा चाप साडेचार-पाच किलोच्या जोराने ओढावा लागतो आणि रिव्हॉल्व्हर स्वतः अर्ध्या किलोच्याही आतलं. म्हणजे एका बोटाने रिव्हॉल्व्हरच्या वजनाच्या दहापट जोर लावायचा, तोही ते न हलवता. संधिवात असेल, बोटांची पेरं सुजलेली असतील तर हे खरंच अवघड आहे. काय होतं, तर बोटाच्या जोराने अख्खी मूठ आवळली जाते, पकड हातात फिरते, आणि ढिल्या पकडीत बसलेला साधा झटकासुद्धा हाडाला लागतो. तेव्हा गोळी बदलायच्या आधी रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप सलग दहा वेळा ओढायला सांगा (रिकामं आहे हे दोनदा बघून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, तोंड सुरक्षित दिशेला). सहाव्या-सातव्याला बोट थकत असेल तर वॉडकटर आणूनही फार उपयोग व्हायचा नाही, चांगल्या गनस्मिथकडून चाप गुळगुळीत करून घ्या किंवा दुसरं रिव्हॉल्व्हर बघा. घरच्या घरी हलकी स्प्रिंग टाकायचा उद्योग मात्र करू नका, त्याने हॅमरचा मार कमी होतो आणि प्रायमर पेटत नाही.

मूठही बघा. लाकडाची बारीक मूठ दिसायला छान, पण मागचं धातूचं हाड तळहाताला थेट लागतं. ते हाड झाकणारी रबराची मूठ, करंगळीलाही जागा देणारी, थोड्याच डॉलरमध्ये मिळते आणि तेवढ्यानेच झटका वेगळा लागायला लागतो, आकडा तोच राहिला तरी. तसंच कानाचं. रिव्हॉल्व्हरचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, आणि नवशिक्या माणसाला हाताला काय झालं आणि कानाला काय झालं हे वेगळं कळत नाही, सगळं मिळून "फार जोरात लागलं" एवढंच कळतं. आत प्लग आणि वरून मफ असं दोन्ही लावलं की तीच गोळी सौम्य वाटते.

आता झटक्याची भीती बसलीय की नाही हे ओळखायची एक पद्धत, आणि ही मी माझ्या ओळखीच्या एका काकूंच्या बाबतीत जवळून बघितली. त्यांचे शॉट सारखे खाली-डावीकडे जायचे आणि त्या म्हणायच्या साइट वाकडी आहे. रेंजवरच्या बाईंनी काय केलं, सिलिंडरमध्ये तीन खरी काडतुसं आणि दोन मारून झालेल्या रिकाम्या केस अशा उलटसुलट भरल्या, काकूंना कळू न देता, आणि मारायला सांगितलं. पहिलं खरं होतं, गेलं. दुसऱ्याला नुसतं टक् झालं, पण रिव्हॉल्व्हरचं तोंड चांगलं दोन बोटं खाली गेलं, कारण झटका येणार म्हणून मनगटाने आधीच खाली दाबलं होतं, आणि डोळेही मिटले होते. काकूंनी स्वतःच बघितलं. कुणी शंभर वेळा सांगून पटलं नसतं ते एका टक् मध्ये पटलं. मग त्यांनी प्लस-पीचा डबा बाजूला ठेवला, वॉडकटर घेतली, आणि दर वेळी त्यात दोन-तीन रिकाम्या केस मिसळून सराव केला, तोंड हलेनासं होईपर्यंत. नेम आपोआप वर आला, साइटला कुणी हात लावला नाही.

रिकाम्या टक् वरून आठवलं: कमी वेगाच्या काडतुसांच्या बाबतीत एक सावधगिरी पाळायचीच. कधी नेहमीचा धाड आवाज न येता फुस्स किंवा बारीक पॉप झाला, झटका जाणवलाच नाही, तर तिथेच थांबायचं, पुढचा चाप ओढायचा नाही. तोंड समोरच धरून अर्धा मिनिट वाट बघायची, मग सिलिंडर उघडून, रिव्हॉल्व्हर रिकामं करून नळीत गोळी अडकलीय का हे तिथल्या माणसाकडून तपासून घ्यायचं. अडकलेल्या गोळीवर दुसरी मारली तर नळी फाटते. फॅक्टरीच्या काडतुसात असं क्वचितच होतं, कुणी घरी भरलेल्या काडतुसांत जास्त, म्हणून नवशिक्याला दुसऱ्याची घरी भरलेली काडतुसं द्यायचीच नाहीत.

भारतात विषय वेगळा आहे. आपल्याकडे .३८ प्रोहिबिटेड बोअरमध्ये मोडते, सामान्य लायसनवर मिळत नाही, म्हणून महाराष्ट्रात लायसनवर रिव्हॉल्व्हर असलेल्या माणसाकडे बहुतेक करून .३२ च असतं, ते .३२ एस अँड डब्ल्यू लाँगचं. म्हणजे अमेरिकेतला माणूस शोधत शोधत जिथे पोचतो तिथे आपला लायसनवाला कायद्यामुळे आधीच बसलेला आहे. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून काढलेलं निर्भीक हेसुद्धा .३२ च, टायटॅनियम मिश्रधातूचं, सुमारे अर्ध्या किलोचं. आणि या छोट्या बोअरला हलक्यात घेऊ नका, नेमबाजीत २५ मीटर सेंटर फायर नावाचा जो प्रकार आहे त्यात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतचा कुठलाही बोअर चालतो, तरी जगभरातले बरेचसे खेळाडू .३२ ची वॉडकटरच निवडतात, पिस्तुलात घालून. याच प्रकारात जसपाल राणाने १९९४ च्या हिरोशिमा आणि २००६ च्या दोहा एशियन गेम्समध्ये सुवर्ण घेतलं. ज्यांना शंभर टक्के अचूकता हवी ते कमी झटक्याकडेच जातात.

अमेरिकेतून भारतात येणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना. रेंजला नेलेली बॅग प्रवासाला वापरू नका. कप्प्याच्या कोपऱ्यात राहिलेलं एखादं काडतूस मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं की आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, मग विमान तर जातंच, पुढे वकील आणि तारखा. चुकून राहिलं होतं हे सिद्ध करता करता सुट्टी संपते. काडतुसांसाठी एक वेगळी पिशवी ठेवायची आणि ती गाडीपलीकडे कुठेही न्यायची नाही. घरात तर सगळं कुलपातच, रिव्हॉल्व्हर एका बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या पेटीत, आणि नातवंडं येणार असतील तर ते येण्याआधी एकदा तपासून.

खरेदी कशी करायची ते सांगतो. एकदम पाचशे काडतुसांची पेटी मागवू नका. वॉडकटरचा एक डबा, गोल तोंडाच्या साध्या १५८ ग्रेनचा एक, आणि ११० ग्रेनच्या संरक्षणाच्या गोळीचा एक छोटा डबा, एवढंच घ्या. ज्यांच्यासाठी घेताय त्यांनाच रेंजवर न्या, आणि तुम्ही भरून द्या, कुठली भरलीय ते सांगू नका. प्रत्येक डब्यातल्या पाच, मध्ये थोडी विश्रांती, कागद प्रत्येक वेळी नवा, मागे पेनने खूण. शेवटी तीन कागद शेजारी ठेवा आणि विचारा की यातलं कुठलं परत मारावंसं वाटलं. बहुतेक वेळा ज्या कागदावर भोकं जवळजवळ असतात तेच बोटाने दाखवलं जातं, आणि मग त्याच डब्याची मोठी पेटी मागवायची.